शेपटाच्या चाकाचे विमान आणि पायांची विद्या

नायगावच्या बी.डी.डी. चाळींच्या गच्चीवर पतंग उडविण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना वाऱ्याचा परिचय करून द्यावा लागत नाही. स्प्रिंग मिलच्या आणि परळकडील गिरण्यांच्या धुराड्यांतून निघणारा धूर सकाळच्या प्रहरी समुद्राकडे झुकलेला असे आणि दुपार कलली म्हणजे तोच धूर शिवडी-वडाळ्याकडे वळे. एवढ्यावरून जमिनीवरचे मतलई वारे कोठे संपले आणि समुद्रावरचे खारे वारे केव्हा सुरू झाले हे आम्हां मुलांना घड्याळावाचून कळत असे. तो धूर आता राहिला नाही, आणि त्या चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. परंतु जुहूच्या विमानतळावर ‘पुष्पक’ विमानात विद्यार्थी म्हणून मी प्रथम बसलो, तेव्हा माझ्यापाशी जे थोडेबहुत भांडवल होते ते त्या धुराचेच होते. ज्या तरुण वाचकांना शेपटाचे चाक असलेले, म्हणजे टेलव्हील जातीचे, लहान विमान चालविण्याची मनीषा आहे, त्यांच्यासाठी अनुभवाने पटलेल्या चार गोष्टी येथे सविस्तर मांडीत आहे. अधिकृत प्रशिक्षकाच्या शेजारी बसून घेतलेल्या शिक्षणाची जागा कोणताही लेख घेऊ शकत नाही, आणि विमानाच्या पुस्तिकेतील आकड्यांशी माझे काही न जुळल्यास पुस्तिकेचाच अंमल चालेल, हे आरंभीच नमूद करतो.

आज फ्लाइंग क्लबांत जी विमाने सर्रास दिसतात त्यांचे तिसरे चाक नाकाखाली असते, आणि ती जमिनीवर सरळ, समतल उभी राहतात. पूर्वीची स्थिती निराळी होती. जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळविला तो अशाच शेपूट टेकून बसणाऱ्या विमानांवर, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ते ज्या ‘पस मॉथ’मधून जुहूला उतरले तेही त्याच घडणीचे, आणि पन्नास वर्षांनी, वयाच्या ७८व्या वर्षी, त्याच प्रवासाची पुनरावृत्ती त्यांनी ज्या ‘लेपर्ड मॉथ’मधून केली तेही तसलेच. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी गटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्राचे अध्ययन करून स्वदेशी परतल्यावर बंगळूरच्या हिंदुस्थान कारखान्यात जे ‘एच. टी. २’ हे शिक्षणाचे विमान घडविले आणि जे १९५१ साली आकाशात गेले, त्याचेही तिसरे चाक शेपटाखालीच होते. त्याच कारखान्याचे ‘पुष्पक’ १९५८ साली आले: वर पंख, आत शेजारी-शेजारी दोन आसने, पुढे ९० अश्वशक्तीचे इंजिन. देशातील फ्लाइंग क्लबांच्या कितीतरी विद्यार्थ्यांचे पाय या विमानाने तयार केले, आणि ‘पाय’ हा शब्द मी येथे विचारपूर्वक वापरीत आहे.

कारण या विमानाचा स्वभाव हातांपेक्षा पायांशी अधिक निगडित आहे. त्याची दोन मुख्य चाके पुढे असतात आणि वजनाचा मध्य त्या चाकांच्या मागे पडतो. दादरच्या बाजारात हातगाडी पुढून ओढणारा आणि तीच गाडी मागून ढकलणारा यांत जो फरक दिसतो, तोच येथे लागू आहे. पुढून ओढलेली गाडी ओढणाऱ्याच्या मागोमाग निमूटपणे येते. मागून ढकललेली गाडी जरा तिरपी झाली की ढकलणाऱ्याचा जोरच तिला अधिक तिरपी करतो. शेपटाच्या चाकाच्या विमानात, विशेषतः उतरल्यावर वेग कमी होत असताना, चाकांच्या मागे राहिलेले वजन हेच त्या ढकलणाऱ्या माणसाचे काम करीत असते. नाक किंचित डावीकडे गेले आणि वैमानिकाने हयगय केली, तर ते आणखी डावीकडे जाते, मग आणखी जलद, आणि शेवटी विमान स्वतःभोवती गरकन फिरून बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासते. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. नाकाखाली चाक असलेले विमान अशी चूक बहुधा आपणहून सावरून घेते. हे विमान ती वाढवीत नेते.

यावरचा उपाय समजून घेण्यास मला स्वतःला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे तळहातावर उभी तोललेली काठी. लहानपणी प्रत्येकाने हा खेळ केलेला असतो. काठी कलंडू लागताच, ती कलंडली असे दुसऱ्याला दिसण्यापूर्वीच, तळहात किंचित सरकवावा लागतो आणि लगेच परत आणावा लागतो. मोठा झोका द्यावा लागला म्हणजे समजावे की उशीर झाला. आणखी एक गोष्ट त्या खेळात आपण नकळत शिकलेलो असतो: जो तळहाताकडे पाहतो त्याची काठी पडते, जो काठीच्या वरच्या टोकाकडे पाहतो त्याची टिकते. विमानात नेमके हेच करावयाचे आहे. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर ठेवावी, टाचा जमिनीवर आणि चवडे रडरच्या, म्हणजे शेपटावरील सुकाणूच्या, पट्ट्यांवर ठेवावे, आणि पायांचे दाब लहान, जलद व सुटे असावेत: दाबले, सोडले, दाबले, सोडले. एखादी पट्टी दाबून धरून परिणामाची वाट पाहत बसणारा विद्यार्थी परिणाम दिसू लागेपर्यंत दुसऱ्या बाजूच्या संकटाची तजवीज करून ठेवतो.

पहिल्या उड्डाणापूर्वी एक काम अवश्य करावे, ज्यास पैसा पडत नाही. विमान जमिनीवर स्थिर उभे असताना दहा मिनिटे आसनावर शांत बसावे. नाक वर चढलेले दिसेल, आणि पुष्कळ विमानांत समोरची धावपट्टी त्याच्या आड गेलेली असेल. नाकाच्या दोन्ही बाजूंनी क्षितिज कोठे दिसते, ते काचेच्या कोणत्या जागेला छेदते, कडेचे गवत डोळ्यांच्या कोपऱ्यात किती उंचीवर येते, हे सारे चित्र मनात पक्के ठसवावे. तीन चाकांवर एकदम उतरताना टेकण्याच्या क्षणी नेमके हेच चित्र समोर असावयास हवे. मी स्वतः हे काम प्रथम निरर्थक समजून टाळले होते, आणि पुढे दहा-बारा तासांच्या उड्डाणात जे शिकावयाचे ते त्या दहा मिनिटांत बरेचसे शिकता आले असते, याची रुखरुख मला अद्याप आहे.

जमिनीवरून चालत जाताना नाकाच्या आड काय आहे ते दिसत नाही, म्हणून सापाच्या चालीने डावी-उजवीकडे वळत पुढचा मार्ग तपासावा. या वेळीही वाऱ्याला विसरू नये. (काही विमानांत नियंत्रणासाठी दांडा असतो, काहींत चक्र, मी दोहोंनाही स्टिक म्हणेन.) वारा पुढून उजवीकडून येत असेल तर स्टिक उजवीकडे व पोटाशी ओढलेली असावी, तोच मागून उजवीकडून येत असेल तर स्टिक डावीकडे व पुढे असावी, म्हणजे वाऱ्याला पंखाखाली किंवा शेपटाखाली शिरण्यास मुभा मिळत नाही. चालण्याचा वेग माणसाच्या झपाट्याच्या चालीहून अधिक नसावा.

आता उड्डाणाकडे वळू. धावपट्टीच्या मध्यरेषेवर आल्यावर विमान दोन-चार पावले सरळ पुढे घेऊन शेपटाचे चाक सरळ झाल्याची खात्री करावी. तिरप्या चाकाने सुरुवात करणे म्हणजे पहिल्याच क्षणी स्वतःवर ऋण करून घेणे होय. स्टिक पोटाशी ठेवून थ्रॉटल सावकाश, सुमारे चार अंक मोजण्याइतक्या अवधीत, पूर्ण पुढे न्यावा. येथे विमान डावीकडे ओढ घेऊ लागेल, आणि त्याची कारणे माहीत असलेला विद्यार्थी गोंधळत नाही. वैमानिकाच्या आसनावरून पाहता पंखा उजवीकडे, घड्याळाच्या काट्याप्रमाणे, फिरत असेल तर इंजिनाची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे कलवून डावे चाक अधिक दाबते. पंख्याने मागे फेकलेली हवा मळसूत्राप्रमाणे फिरत येऊन उभ्या शेपटीच्या डाव्या अंगावर आदळते. शेपूट खाली असेतोवर पंख्याचे उजवीकडून खाली येणारे पाते डाव्या पात्यापेक्षा हवेचा अधिक घास घेते. चौथे कारण सर्वांत फसवे आहे: शेपूट वर उचलण्याच्या क्षणी फिरता पंखा भोवऱ्याप्रमाणे वागतो, आणि नाक खाली येताना ते डावीकडेही सरकते. म्हणून उजव्या पायाचा दाब थ्रॉटलबरोबरच वाढवावा आणि शेपूट उचलताना त्यात क्षणभर आणखी भर घालावी. शेपूट झटक्याने उचलू नये. स्टिक हळूहळू मधल्या जागेकडे सोडली म्हणजे वेग मिळाल्यावर शेपूट आपणहून उठू लागते, आणि तेच उत्तम.

येथे ज्यांचा पुढेमागे जुन्या विमानांशी संबंध येईल त्यांना एक इशारा देणे अवश्य आहे. ‘टायगर मॉथ’च्या जिप्सी मेजर इंजिनाचा पंखा आसनावरून पाहता उलट दिशेने फिरतो, त्यामुळे ते विमान उजवीकडे ओढते आणि डावा पाय मागते. नव्या विमानात बसण्यापूर्वी पंखा कोणत्या बाजूने फिरतो हे विचारून घ्यावे; असे विचारण्यात कमीपणा मानणारा वैमानिक माझ्या मते शहाणा नव्हे.

शेपूट वर आल्यावर धावपट्टी समोर स्वच्छ दिसते, मन निर्धास्त होऊ लागते, आणि विमान योग्य वेगाला स्वतःच जमीन सोडते. वेगाआधी त्याला ओढून उचलू नये. जमिनीच्या लगतच्या हवेत पंखाला अधिक आधार मिळतो; तेवढ्यावर भिस्त ठेवून चढू पाहणारे विमान वरच्या हवेत गेल्यावर वेगाअभावी पुन्हा खाली बसते.

उतरणे हा या विद्येचा गाभा आहे, आणि येथे दोन पद्धती आहेत. पहिली तिन्ही चाके एकदम टेकविण्याची, म्हणजे थ्री-पॉइंट. दुसरी मुख्य दोन चाकांवर उतरण्याची, म्हणजे व्हील लँडिंग. शिकाऊ माणसाने पहिली पद्धती आधी पक्की करावी, असे माझे मत आहे, कारण तीत विमान कमीत कमी वेगाने जमिनीला भेटते आणि वेग कमी तेवढे आवरावयाचे बळ कमी.

या पद्धतीत धावपट्टीकडे येतानाचा वेग साधारणतः स्टॉलच्या, म्हणजे ज्याखाली पंखाचा आधार सुटतो त्या, वेगाच्या १.३ पट ठेवावा. अधिक वेग घेऊन येणारे विमान जमिनीवरून तरंगत राहते, बसण्यास राजी होत नाही, आणि वैमानिकाचा धीर सुटून तो त्याला जबरदस्तीने टेकवू पाहतो. पुष्कळ अपघातांचा उगम या घाईत असतो. जमिनीजवळ आल्यावर थ्रॉटल बंद करून उतार मोडावा आणि मग विमानाला जमिनीपासून हातभर उंचीवर, खाली बसू न देता, धरून ठेवावे. ते बसू पाहते, आपण स्टिक थोडी मागे घेतो. ते पुन्हा बसू पाहते, आपण पुन्हा थोडी मागे घेतो. अशा रीतीने स्टिक पूर्ण पोटाशी आली, नाकाने दूरचे टोक झाकले, आणि जमिनीवर बसून मनात ठसविलेले ते चित्र समोर आले, की विमान तिन्ही चाकांवर आपणहून बसते. टेकल्यावर स्टिक पोटाशीच ठेवावी, तिला क्षणभरही पुढे जाऊ देऊ नये.

आणि टेकताच विमानाने उडी घेतली तर? मुख्य चाके आधी आपटली म्हणजे मागचे वजन खाली येते, शेपूट झुकते, पंखाचा हवेशी असलेला कोन वाढतो, आणि विमान पुन्हा हवेत जाते. उडी लहान असेल तर नाक त्याच कोनावर धरून, थोडी शक्ती देऊन पुन्हा बसू द्यावे. उडी मोठी असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडून, नाक सावरून, पुन्हा एक फेरी घ्यावी. उडीच्या माथ्यावर स्टिक पुढे ढकलून विमान खाली दाबण्याचा मोह प्रत्येकाला होतो. दुसरी उडी पहिलीहून मोठी होण्याचे कारण बहुधा हेच असते. फेरी घेण्यात नामुष्की नाही, आणि प्रशिक्षकांनीही विद्यार्थ्याच्या फेऱ्या मोजून त्याची योग्यता ठरवू नये.

दुसरी पद्धती, मुख्य चाकांवर उतरण्याची, वारा झोंबरा असताना आणि ‘डाकोटा’सारख्या मोठ्या विमानांत विशेष उपयोगी पडते. येथे विमान जवळजवळ समतल, शेपूट किंचित खाली, आणि खाली येण्याचा वेग जवळजवळ शून्य असताना टेकवावे, व टेकताक्षणी स्टिक किंचित पुढे द्यावी, म्हणजे पंखाचा उचल कमी होऊन चाके जमिनीला धरून राहतात. दृष्टी मोकळी राहते हा हिचा मोठा फायदा. परंतु हिचे संकट मागाहून येते. वेग उतरत असताना रडरवरील हवेचा जोर कमी होतो आणि शेपटाचे चाक अद्याप जमिनीवर आलेले नसते. या मधल्या काही क्षणांत विमानाला दिशा देणारे बलवान साधन वैमानिकाच्या हाती उरत नाही. म्हणून शेपूट पडेपर्यंत थांबू नये. नियंत्रणात जोर आहे तोवरच ते सावकाश खाली आणावे आणि मग स्टिक पूर्ण मागे घ्यावी. ब्रेकवर इतबार ठेवणे या विमानात धोक्याचे आहे: जोराने दाबले तर विमान नाकावर उभे राहते, एका बाजूने दाबले तर ग्राउंड लूपला निमंत्रण मिळते.

आता आडवा वारा. जुहू १९२८ साली विमानतळ म्हणून सुरू झाले तेव्हा ते सिमेंटचे नव्हते, भरतीच्या खाजणालगतचे मोकळे मैदान होते, आणि पावसाळ्यात त्यात पाणी साचत असल्यामुळे टाटांच्या टपालसेवेस पुण्याकडे मुक्काम हलवावा लागे. परंतु कोरड्या ऋतूत त्या मैदानाचा एक मोठा गुण होता: वारा ज्या दिशेने येईल त्या दिशेला तोंड करून उतरावे. शेपटाच्या चाकाची विमाने अशा मैदानांसाठीच जन्मास आली. पुढे आखलेल्या धावपट्ट्या आल्या आणि वाऱ्याने पट्टीशी जुळते घेण्याचे नाकारले. जुहूची मुख्य पट्टी २६ क्रमांकाची, म्हणजे समुद्राकडे साधारण २६० अंशांवर तोंड केलेली. हिवाळ्याच्या दुपारी खारा वारा वायव्येकडून, म्हणजे सुमारे ३१५ अंशांवरून, आला तर तो पट्टीशी ५५ अंशांचा कोन करून उजवीकडून लागतो, आणि १० नॉटच्या वाऱ्यापैकी सुमारे ८ नॉट आडवे पडतात. हा हिशेब विमानात बसण्यापूर्वी कागदावर करावा, आणि आपल्या विमानाच्या व स्वतःच्या ताकदीशी ताडून पाहावा.

अशा वाऱ्यात उतरताना वाऱ्याकडील पंख खाली ठेवावा, विरुद्ध बाजूच्या रडरने नाक पट्टीच्या रेषेत आणावे, आणि वाऱ्याकडील चाक आधी टेकू द्यावे. एकाच चाकावर विमान धावताना पाहून नवख्याला भय वाटते, परंतु ते योग्यच आहे. टेकल्यावर वेग उतरत जाईल तसतशी स्टिक वाऱ्याकडे अधिकाधिक झुकवावी, कारण हवेचा जोर कमी झाल्यावर तेवढ्याच कामासाठी एलेरॉनला, म्हणजे पंखाच्या कडेच्या हलत्या फळीला, अधिक वळावे लागते. उभी शेपटी वातकुक्कुटाप्रमाणे विमानाचे नाक वाऱ्याकडे वळवू पाहते. तो ओढा पायांनी सतत परतवावा लागतो.

मी हा धडा फार महाग शिकलो. मुंबईबाहेरच्या एका मैदानावर दुपारच्या वेळी, उजवीकडून वारा असताना, मी तिन्ही चाकांवर उत्तम उतरलो. इतका उत्तम की माझे मन तेथेच संपले. विमान माणसाच्या धावेइतक्या वेगावर आले होते आणि मी स्टिक सैल सोडून फडफडणाऱ्या विंडसॉककडे पाहिले. तेवढ्यात नाक उजवीकडे वळू लागले. पाय दाबला तो उशिरा, आणि उशीर झाला म्हणून गरजेपेक्षा अधिक; विमान क्षणभर थांबले आणि मग अधिकच जोराने उजवीकडे फिरले. डाव्या पंखाचे टोक धुळीत घासून कापड फाटले. इजा कोणालाही झाली नाही. दुरुस्तीला काही दिवस लागले, आणि त्या मुदतीत दुसऱ्या कितीजणांचे शिक्षण खोळंबले याचा विचार मला पंखापेक्षा अधिक टोचत राहिला. कसूर वाऱ्याची नव्हती, विमानाचीही नव्हती.

म्हणून उतरल्यावरचे काम मी मुद्दाम शेवटपर्यंत सांगतो. विमान उभे करण्याच्या जागी पोहोचेपर्यंत पायांची हालचाल चालू ठेवावी, आणि इंजिन बंद करण्यापूर्वी विमान वाऱ्याला तोंड करून उभे करावे. चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लावावेत. रात्रीसाठी बांधताना दोर दोन्ही पंखांना व शेपटाला असावेत, फार ताणलेले नसावेत आणि फार सैलही नसावेत. स्टिक पट्ट्याने पोटाशी बांधून ठेवावी, म्हणजे अंधारात झोंबणारा वारा शेपूट उचलू शकत नाही. आणि मुंबईच्या किनाऱ्यावर हे करीत असताना आपण खाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून विमान बांधले आहे, पहाटे मतलई वारा मागून येणार आहे, हे ध्यानात ठेवून शेपटाचा दोर पुन्हा एकदा तपासावा.